पंगत उठल्यानंतर

धारहून घाट उतरला की माळवा मागे राहतो आणि निमाड सुरू होतो. ऊन बदलते, पिके बदलतात; सोयाबीनच्या जोडीला कापूस, मका, मिरची दिसू लागते. मान नदीकाठचे मनावर हे मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याच्या या पट्ट्यातले तालुक्याचे गाव. भिल्ल आणि भिलाला समाजाची वस्ती इथे मोठी, त्यामुळे आदिवासी मुलामुलींची वसतिगृहे, म्हणजे तिकडच्या बोलीत छात्रावास, आणि आश्रमशाळाही पुष्कळ. त्यांत शाळांचे मध्यान्ह भोजन, सिमेंट कारखान्याच्या आसपासच्या खानावळी, नर्मदेच्या परिक्रमावासीयांसाठी चालणारी सदावर्ते आणि लग्नसराईतल्या पंगती मिळवल्या, तर एका तालुक्यात रोज किती मोठमोठ्या पातेल्यांतून अन्न शिजते याचा अंदाज येतो. जिथे एवढे शिजते तिथे उरतेही. पंगत उठल्यानंतर त्या उरलेल्याचे काय करायचे, हा, जिची ही प्रस्तावना आहे त्या पुस्तिकेचा विषय आहे; आणि त्यासाठी ती एका माशीच्या अळ्यांची मदत घ्यायला सांगते.

मनावरविषयी मराठीत कशाला लिहायचे, असे कोणी विचारील. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली, पण तिथल्या मराठी घरांतून मराठी बोलणे-वाचणे थांबलेले नाही, हे एक कारण. दुसरे माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. मनावरच्या दक्षिणेने जाणारी नर्मदा पुढे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या सीमेला लागते. नदीच्या दोन्ही अंगांना आश्रमशाळा आहेत, डाळभाताची तशीच पातेली आहेत आणि मोरीपाशी ठेवलेल्या बादल्यांचा प्रश्नही तोच आहे. मनावरात जे जमेल ते अक्राणीतल्या धडगावात जमायला हरकत नाही.

त्या बादलीत काय असते ते एकदा वाकून पाहावे. डाळीच्या पाण्यात फुगलेली भाताची शिते, मक्याच्या नाहीतर गव्हाच्या रोटीचे चावलेले कोपरे, बटाट्याची आणि दुधीची साले, चहाचा चोथा, तळाशी गेलेली मिरचीची देठे, वर तरंगणारा तेलाचा तवंग. कधी दुधाची रिकामी पिशवी, कधी तुटलेला चमचा. वजनाच्या चार भागांतले तीन भाग निव्वळ पाणी असते. मे महिन्यात सकाळचे खरकटे दुपारी चारपर्यंत आंबून वर येते. मग ती बादली कुंपणाच्या भिंतीमागे रिकामी होते, किंवा नाल्यात, किंवा नगरपालिकेची गाडी आली तर तिच्यात. भिंतीमागच्या ढिगावर कुत्री, डुकरे, गाई येतात. गाईच्या पोटात भाताबरोबर ती दुधाची पिशवीही जाते. ढीग वाढला की तळाला हवा पोचत नाही, आणि तिथे मिथेन तयार होऊ लागतो. पावसाळ्यात त्याचा काळा रस ओघळून जिथे जाईल तिथे जातो. आणि अशा ठिकाणी हातपंप फार लांब नसतो.

जगाचा आकडा मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातला २८ टक्के वाटा खानावळी, उपाहारगृहे, संस्थांची स्वयंपाकघरे अशा ठिकाणचा. आपल्याकडे २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्याला ‘मोठा कचरा-उत्पादक’ ठरवले आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असे सांगितले. पण पन्नास मुलांचे वसतिगृह या व्याख्येत बसत नाही. ते मोठ्यांत नाही आणि घरातही नाही. त्याच्या वीस-पंचवीस किलो खरकट्यासाठी कोणी यंत्र बनवत नाही, कोणी निविदा काढत नाही. अशा मधल्या स्वयंपाकघरांना हाताशी येईल असा उपाय हवा आहे.

इंदूरचे उदाहरण इथे नेहमी दिले जाते, आणि ते द्यायलाच हवे. शहराने ओला-सुका कचरा घराच्या दारात वेगळा करून घ्यायची शिस्त लावली आणि २०१७ पासून स्वच्छतेच्या क्रमवारीत आपले नाव वरच ठेवले. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तिथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी तयार करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. पण मनावरातून इंदूर शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. तीन भाग पाणी असलेला कचरा डिझेल जाळून घाट चढवून नेणे म्हणजे बहुतांश पाण्याचीच वाहतूक करणे. इंदूरकडून घ्यायची ती दारातच वेगळे करण्याची शिस्त. प्रकल्पाचा आकार इंदूरचा. तो मनावरच्या कामाचा नाही.

आकार लहान असावा, हा विचार मराठी मुलखात पूर्वीही झाला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हा स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर चालणारा बायोगॅस प्रकल्प उभा केला. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने घराच्या गच्चीवर मावेल असा छोटा बायोगॅस संच केला; त्याला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. डॉ. उदय भवाळकरांनी गांडुळांवर आयुष्य घालवले. पण बायोगॅसला पाणी लागते, आणि संच एकदा आंबट झाला की तो परत मार्गावर आणायला जाणते माणूस लागते. गांडुळाला मिरची-तेल-मीठ घातलेले शिजलेले अन्न सोसत नाही. त्याला आधी मुरलेला पालापाचोळा आणि शेण आवडते. भाताची शिते, डाळीचा घट्ट थर, उरलेला रस्सा हे सगळे एकदम आणि ताजेच संपवील, असा जीव या यादीत राहून गेला होता. ती जागा काळी सैनिक माशी भरून काढते.

इंग्रजीत तिला ब्लॅक सोल्जर फ्लाय म्हणतात, आणि आपल्याकडच्या शेतकऱ्यांतही तेच नाव रुळत चालले आहे. शास्त्रीय नाव हर्मेशिया इल्युसेन्स. ते लिनियसने १७५८ मध्ये दिले. मूळची अमेरिका खंडातली ही माशी आता उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरली आहे, भारतातही. जुन्या कंपोस्टच्या खड्ड्यात राखाडी, चपट्या, वळ्यांच्या अळ्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांनी बहुधा हिचीच पोरे पाहिली आहेत. माशी अंगाने सडपातळ, काळी, बोटाच्या पेराएवढी. पोटाच्या सुरुवातीला दोन अर्धपारदर्शक ठिपके असतात, त्यामुळे चटकन गांधीलमाशीच वाटते. पण तिला नांगी नाही, ती चावत नाही, आणि ताटावर येऊन बसायचे तिला कारण नाही. खायचे ते सगळे तिने अळीच्या वयात खाऊन घेतलेले असते. पंख फुटल्यावर पाण्याच्या थेंबावर आठवडाभर जगते, उन्हात जोडी जमवते, एकदा अंडी घालते आणि मरते.

घरमाशीशी तिची गल्लत होऊ नये, म्हणून हे सविस्तर सांगतो. घरमाशी घाणीवरून अन्नावर आणि अन्नावरून घाणीवर फिरते; रोग पसरतो तो तसा. सैनिक माशीची मादी घाणीत अंडी घालतच नाही. घाणीच्या जवळ, पण कोरड्या फटीत घालते, म्हणजे पिल्ले अंड्यातून निघाली की खाली अन्नात पडतील. जिथे तिच्या अळ्या भरपूर असतात तिथे घरमाशी अंडी घालायला नाखूश असते, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९५९ मध्येच नोंदले होते. पुढे जॉर्जिया विद्यापीठातल्या क्रेग शेपर्ड यांनी कोंबड्यांच्या पिंजऱ्यांखालच्या विष्ठेवर या अळ्यांचे काम वर्षानुवर्षे पाहिले. माश्या होतील म्हणून ज्यांना हा उद्योग नको वाटतो, त्यांनी ही गोष्ट आधी समजून घ्यावी. अर्थात ट्रे कोरडा-स्वच्छ ठेवला नाही, तर घरमाश्याही होतील आणि वासही सुटेल. तो दोष मग अळ्यांचा नसतो.

आता प्रत्यक्ष काम. स्वित्झर्लंडच्या ‘एवाग’ या जलसंशोधन संस्थेतल्या मंडळींनी इंडोनेशियात सिदोआर्जो इथे बाजारातल्या कचऱ्यावर हे तंत्र बसवले आणि २०१७ मध्ये त्याची पायरी-पायरीने माहिती देणारी पुस्तिका काढली. त्यांचे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे: ६० बाय ४० सेंटिमीटरचा एक ट्रे, त्यात पाच दिवसांच्या १०,००० अळ्या, आणि बारा दिवसांत मिळून १५ किलो ओला कचरा. कचरा एकदम ओतायचा नाही; तीन वेळा विभागून द्यायचा. थर चार-पाच सेंटिमीटरहून जाड नको, कारण खाताना अळ्या स्वतः उष्णता निर्माण करतात आणि जाड थरात शिजून निघतात.

पहिल्या दिवशी ट्रेकडे पाहिले तर त्यात काही जिवंत आहे असे वाटतही नाही. पाच दिवसांची अळी तांदळाच्या कणीएवढी असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वरचा थर हलल्यासारखा होतो, आणि कान जवळ नेला तर बारीक सळसळ ऐकू येते. अळ्यांना उजेड नको असतो. झाकण उघडले की त्या खाली बुडी मारतात आणि वर फक्त उकरलेला लगदा दिसतो. आठव्या दिवशी शित ओळखू येत नाही, रोटी ओळखू येत नाही. आंबूस वास जाऊन ओल्या मातीसारखा वास येतो. बाराव्या दिवसापर्यंत अळी दोन-अडीच सेंटिमीटरची, दुधाळ आणि जाड झालेली असते, आणि खाली उरतो तो तपकिरी, रवाळ, जवळजवळ कोरडा चोथा. चाळणीवर घातला की अळ्या वेगळ्या. तशाच राहू दिल्या तर त्या काळपट होतात, खाणे सोडतात आणि कोरडी जागा शोधत ट्रेच्या भिंती चढू लागतात. उतरता पत्रा लावून खाली डबा ठेवला की त्या आपणहून डब्यात येऊन पडतात. त्यांतल्या काही पुढच्या पिढीसाठी ठेवायच्या.

हिशेब मांडून पाहू. समजा एका निवासी शाळेत रोज ३० किलो खरकटे निघते. म्हणजे रोज दोन नवे ट्रे, आणि बारा दिवसांचा फेरा धरला तर एका वेळी चोवीस ट्रे चालू. चार-पाच मजले रचले, मध्ये हवेला वाट ठेवली, तर दहा बाय दहाच्या खोलीत ते मावतात. पाणी जवळजवळ लागत नाही. वीज लागलीच तर पंख्यापुरती. तीस किलोंतले निम्म्याहून अधिक वजन बाराव्या दिवशी नाहीसे झालेले असते, चार ते सहा किलो ताज्या अळ्या हाती येतात आणि बाकीचा चोथा खतासाठी. सामान एवढेच: बाजारातले जुने भाजीचे क्रेट, लोखंडी मांडणी, एक चाळण, एक वजनकाटा, झाकायला जाळी, आणि मिश्रण पातळ झाले तर घालायला गव्हाचा कोंडा नाहीतर मक्याच्या कणसांचा भुगा. निमाडात मक्याच्या कणसांचा तुटवडा नाही.

तर मग हे सगळीकडे का होत नाही? कारण अवघड भाग ट्रेचा नाही, पिल्लांचा आहे. रोज दोन ट्रेंसाठी वीस हजार लहान अळ्या लागतात. एक मादी चारशे ते आठशे अंडी घालते. तूट धरली तर रोज शंभराच्या आसपास माद्यांनी अंडी घालायला हवीत. त्यासाठी मच्छरदाणीचा पिंजरा, त्यात सकाळचे ऊन, आत लाकडी पट्ट्या एकमेकींना बांधून मध्ये टाचणीएवढी फट, आणि पट्ट्यांखाली आंबलेल्या कोंड्याची वाटी. मादी त्या फटीत पिवळट अंड्यांचा पुंजका घालते. अंडी चार दिवसांत फुटतात. हे काम नाजूक आहे. ढगाळ आठवडा आला की जोड्या जमत नाहीत, मुंग्यांनी पिंजरा शोधला की एका रात्रीत सगळे संपते. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या अधीक्षकाने हेही सांभाळावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि जिथे ती केली जाते तिथे दोन महिन्यांत ट्रे पालथे पडलेले दिसतात.

यावर उपाय आपल्याकडे तयार आहे, फक्त तो दुसऱ्या किड्यासाठी आहे. मराठवाड्यातल्या रेशीम शेतकऱ्यांना विचारा. ते अंड्यांपासून सुरुवात करत नाहीत. चॉकी संगोपन केंद्रातून वाढवलेल्या लहान अळ्या आणतात आणि पुढचे संगोपन घरच्या शेडमध्ये करतात. नाजूक वयाची जबाबदारी केंद्राची, खाऊपिऊ घालायची शेतकऱ्याची. ही वाटणी बसली म्हणून जालन्यासारख्या कोरड्या भागात तुती वाढली आणि २०१८ मध्ये तिथे कोषांची बाजारपेठ उभी राहिली. मनावर तालुक्यात असे एकच केंद्र असावे आणि त्याने आठवड्यातून दोनदा वसतिगृहांना लहान अळ्यांचे डबे पोचवावेत, ही या पुस्तिकेतली सगळ्यात मोलाची सूचना मला वाटते. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र धारमध्ये आहे. असे काम अंगावर घ्यायला त्याच्याइतकी योग्य जागा मला दिसत नाही. महिला बचतगटानेही ते घ्यावे. मधमाशी, लाख, रेशीम सांभाळणाऱ्या देशात किडे पाळण्याचे कौशल्य परके नाही.

पैशाविषयी मात्र सुरुवातीलाच स्पष्ट बोललेले बरे. या अळ्यांवर जगभर फार मोठी स्वप्ने रचली गेली. वाळवलेल्या अळीत चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि तीसेक टक्के चरबी असते, म्हणून त्या कोंबड्या-माशांच्या खाद्यात सोयाबीनची जागा घेतील, असे हिशेब मांडले गेले. ते हिशेब माळव्यात मांडून पाहावेत. हा सोयाबीनचा मुलूख आहे. राष्ट्रीय सोयाबीन संशोधनाची संस्था इंदूरला आहे, तेलगिरण्या आजूबाजूला आहेत, आणि तेल काढल्यावर उरलेली पेंड, जिच्यात पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात, ती इथल्याइतकी सहज दुसरीकडे मिळत नाही. अळ्या वाळवा, दळा, पोत्यात भरा आणि सोयाबीनच्या पेंडीशी भावात टक्कर द्या, असे मनावरच्या बचतगटाला सांगणे म्हणजे त्याला बुडवणे आहे. फ्रान्समधली यिन्सेक्ट ही कंपनी मीलवर्म नावाच्या दुसऱ्या अळीवर उभी होती; गुंतवणूकदारांचे कोट्यवधी युरो घेऊनही ती २०२५ च्या अखेरीस अवसायनात निघाली. तिच्या कारखान्यात अळ्यांना विकतचे धान्यजन्य खाद्य घालायचे होते आणि मग पेंडीच्या बाजारात उतरायचे होते.

वसतिगृहाची गोष्ट वेगळी. इथे खाद्य फुकट आहे. उलट ते हटवायलाच खर्च येतो. अळी वाळवायची नाही, दळायची नाही, कुठे पाठवायची नाही. आवारातल्या किंवा शेजारच्या पाड्यावरच्या कोंबड्यांना ती ताजी द्यायची. परड्यात फिरणारी कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते ती किड्यांसाठीच. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ती कोंबडी धारच्या आदिवासी घरांतूनही पाळली जाते. कुक्कुटपालनात सगळ्यात मोठा खर्च खाद्याचा असतो. रोज मूठभर अळ्या दहा कोंबड्यांच्या खाद्यात पडल्या तर विकतच्या खाद्यात बचत होते, आणि ती त्याच घरात राहते. कचरा कमी झाला हा पहिला फायदा, परसातली कोंबडी पोसली गेली हा दुसरा, वसतिगृहाच्या भाजीच्या वाफ्यांना खत मिळाले हा तिसरा. या तिन्हींची बेरीज केली तर हे तंत्र परवडते. नुसत्या अळीच्या विक्रीवर ते परवडणे अवघड आहे.

मोठ्या प्रमाणावर ते चालतच नाही, असे मात्र म्हणू नये. कोचीजवळ ब्रह्मपुरमच्या कचराडेपोला मार्च २०२३ मध्ये आग लागली आणि सगळे शहर कित्येक दिवस धुरात गुदमरले. त्यानंतर महापालिकेने त्याच जागी या माशीच्या अळ्यांवर चालणारे प्रकल्प उभारायला घेतले. शहराला तो आकार लागतो. सिदोआर्जोच्या प्रकल्पाचा हवामानावरचा परिणामही मोजला गेला आहे: २०१९ च्या त्या अभ्यासात अळ्यांच्या प्रक्रियेतून थेट निघणारे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड उघड्यावरच्या कंपोस्टच्या मानाने अगदी नगण्य निघाले, आणि विजेसकट सगळा भार धरला तरी तो कंपोस्टच्या निम्म्याच्या आसपास राहिला.

पुस्तिकेतले सुरक्षिततेचे प्रकरण वाचकांनी वगळू नये. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ-खुरकताची साथ पसरली ती डुकरांना नीट न उकळलेले खरकटे घातल्यामुळे, असे मानले जाते. साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. युरोपीय संघाने अळ्यांचे प्रथिन २०१७ मध्ये माशांना आणि २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांना द्यायची परवानगी दिली, पण त्या अळ्यांना स्वयंपाकघरातले खरकटे घालायला तिथे अजून मनाई आहे. आपण तेवढे कडक व्हावे असे मी म्हणत नाही, पण चार गोष्टींत सूट नको. मांसाचे उष्टे अळ्यांच्या ट्रेमध्ये नको. साबण-फिनेलचे पाणी बादलीत नको. बॅटरीचे सेल, रंगाचे डबे पडलेला मिश्र कचरा तर मुळीच नको, कारण कॅडमियमसारखा जड धातू अळीच्या अंगात साठतो आणि तिथून कोंबडीत जातो. आणि अळ्या कोंबड्यांना द्यायच्या आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढाव्यात. मिनिटभराचे काम आहे. दिलासा देणारी एक गोष्टही आहे. पावसात भिजलेल्या मक्यावर जी बुरशी येते, तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष अळ्या पचवतात आणि अंगात साठवून ठेवत नाहीत, असे प्रयोगांत दिसले आहे. चोथ्याचेही एक पथ्य आहे: तो लगेच झाडाच्या मुळाशी घालू नये. अजून कच्चा असतो. सावलीत खड्ड्यात काही आठवडे मुरू द्यावा, मग मिरचीला, वांग्याला खुशाल घालावा.

यापुढचा मुद्दा तंत्राचा नाही, आणि त्यावर मला थांबावेसे वाटते. उष्टे कोणी उचलायचे, हा आपल्या समाजात कधीच साधा प्रश्न नव्हता. गावाचे उष्टे आणि शिळे तुकडे ज्यांच्या पदरात टाकले जात, त्यांना मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते झिडकारायला सांगितले. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले तेव्हा अर्ध्या महाराष्ट्राने ती भाकर कशी मागून आणावी लागे ते पहिल्यांदा वाचले. आज वसतिगृहात खरकट्याची बादली उचलणारी बाई बहुधा सगळ्यात कमी पगाराची असते, आणि तिला तू हे कर म्हणून सांगताना कोणाला विचार पडत नाही. अळ्यांचे काम तिच्याच अंगावर आणखी एक ओझे म्हणून टाकले जाणार असेल, तर ते सुरू करू नये. ज्याच्या हाती ट्रे, त्याला हातमोजे, गमबूट, वेगळी मजुरी आणि ‘संगोपक’ म्हणून नोंद मिळाली पाहिजे. अळ्यांतून होणारी बचत आधी त्याच्या हाती गेली पाहिजे. वसतिगृहातल्या मुलांकडून हे काम मुळीच करून घेऊ नये. त्यांनी पाहावे, वहीत लिहावे, माशीचे चित्र काढावे. शिकायला आलेल्या आदिवासी मुलाच्या हाती उष्ट्याची बादली देण्याचा अधिकार कोणत्याही पर्यावरणाला नाही.

तितकेच महत्त्वाचे म्हणजे ताटात उरते ते का उरते, हे आधी पाहावे. ज्या जिल्ह्यात मुले कुपोषित राहतात तिथे भाताचे घमेले अळ्यांना घालताना मन कचरलेच पाहिजे. भात कच्चा राहिला का? डाळ पाण्यासारखी होती का? हजेरी चाळीस असताना पन्नासाचे शिजवले का? भगोरियाच्या जत्रांच्या दिवसांत मुले गावी गेली हे स्वयंपाक्याला कळवले का? आठवडाभर बादली वजनकाट्यावर ठेवून आकडा फळ्यावर लिहावा. कुठल्या दिवशी आणि कुठल्या भाजीला वजन वाढते ते आपोआप दिसते, आणि मेनू बदलला की ते उतरते. न वाढलेले, स्वच्छ उरलेले अन्न माणसाच्या तोंडी जायला हवे. निवडलेली साले, देठे शेजारच्या म्हशीला जात असतील तर ती म्हशीलाच जाऊ द्यावीत. या सगळ्यानंतर जे खरोखर उष्टे, मिसळलेले, आंबायला आलेले उरते, ते अळ्यांच्या वाट्याचे. तेवढेच धरून खोली आणि ट्रे ठरवावेत.

हे तंत्र सर्वांसाठी नाही. धार जिल्ह्यातच राजगढजवळ मोहनखेडा हे जैन तीर्थ आहे. निमाड-माळव्यात जैन कुटुंबेही खूप. अळ्या वाढवून त्या उकळत्या पाण्यात घालणे ज्यांच्या श्रद्धेला सोसणार नाही, त्यांच्या भोजनशाळेला हा मार्ग सुचवूच नये. तिथे बायोगॅस उत्तम. जिथे आवारच नाही, भाड्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर वसतिगृह आहे, तिथेही आग्रह धरू नये.

राहिला निमाडचा उन्हाळा. अळ्यांना २४ ते ३० अंश मानवते. इथे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला जातो. पत्र्याच्या शेडमध्ये ट्रे ठेवले तर दुपारच्या आत अळ्या मरतात. कौलारू किंवा गवताने शाकारलेले छप्पर, पश्चिमेला ओल्या गोणपाटाचा पडदा, दुपारी थर आणखी पातळ, आणि उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत खरकट्याचा अर्धा भाग साध्या कंपोस्टच्या खड्ड्यात, अशी तडजोड करावी लागते. सुदैवाने तेव्हा शाळांना सुट्टी असते. पिंजऱ्यातली पिढी मात्र सुट्टीवर जात नाही. ती जगवायला तालुक्याच्या केंद्रात एक थंड खोली हवीच. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा असतो, अळ्या सुस्तावतात, बाराचे पंधरा-सोळा दिवस होतात. पावसाळ्यात ऊन नसते आणि मुंग्या असतात. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत.

म्हणून सुरुवात दसऱ्याच्या सुमारास करावी. पाऊस उघडलेला असतो, ऊन स्वच्छ असते, मुले वसतिगृहात असतात आणि मक्याची कणसे नुकतीच सोललेली असतात. पहिल्या महिन्यात दोनच ट्रे चालवावेत, तेही स्वयंपाकघराच्या मागे, सगळ्यांना दिसतील अशा जागी. भांडी घासणाऱ्या मावशींना, स्वयंपाक्याला आणि अधीक्षिकेला ज्या दिवशी झाकण उघडून बघावेसे वाटेल, त्या दिवसानंतर तिसरा ट्रे आणावा.